आधी गुण, मग खेळ?

दहावीचा निकाल लागला की आपल्याकडे पेढ्यांबरोबर आणखी एक गोष्ट वाटली जाते, ती म्हणजे हिशेब. ‘लेखी परीक्षेचे इतके, तोंडीचे इतके आणि वर खेळाचे धरून...’ असं सांगताना आईचा चेहरा कसा खुललेला असतो! शंभर टक्के मिळवणाऱ्या मुलांच्या यशात कला आणि क्रीडा गुणांचाही हात असतो, हे आता घरोघरी ठाऊक झालं आहे. त्यात वाईट काहीच नाही. मूल खेळलं, त्याचे गुण मिळाले, आनंदच आहे. मला अस्वस्थ करतं ते पुढच्या प्रश्नाचं उत्तर. ‘आता कुठे खेळते हो तुमची मुलगी?’ असं विचारलं की ठरलेलं उत्तर येतं, ‘छे हो! आता कसलं खेळणं? अकरावी-बारावी म्हणजे नुसता अभ्यास. खेळाचं काम झालं आता.’

खेळाचं काम झालं! घरातल्या गड्याचा हिशेब चुकता करून त्याला निरोप द्यावा, तसा आपण खेळाला निरोप देतो. आणि हा निरोप मुलांपेक्षा मुलींच्या वाट्याला जरा लवकरच येतो.

मुळात हे गुण सुरू का झाले, ते आठवून बघूया. जी मुलं सकाळ-संध्याकाळ मैदानावर घाम गाळतात, स्पर्धेसाठी आठ-आठ दिवस परगावी जातात, त्यांचा अभ्यास बुडतो. खेळाच्या वेडापायी त्यांचं शैक्षणिक नुकसान होऊ नये, म्हणून शासनाने सवलतीचे गुण दिले. स्पर्धा कोणत्या पातळीवरची त्यानुसार हे गुण ठरतात, जास्तीत जास्त २५. पाचशेपैकी २५ म्हणजे तब्बल पाच टक्के. चांगल्या कॉलेजच्या कट-ऑफ यादीत अर्ध्या-पाव टक्क्यावरून प्रवेश हुकतो, तिथे पाच टक्के म्हणजे केवढी मोठी उडी! शिवाय अकरावीच्या प्रवेशात खेळाडूंसाठी राखीव जागा असतात त्या वेगळ्याच. सवलत होती नुकसानभरपाईसाठी. ती बक्षिसासारखी कधी वाटू लागली आणि बक्षिसाची गुंतवणूक कधी झाली, ते आपल्याला कळलंसुद्धा नाही.

सामाजिक कामाच्या निमित्ताने वस्तीतल्या काही मुलींना घेऊन मी सकाळी मैदानावर जाते. तिथे कट्ट्यावर बसलेल्या पालकांच्या गप्पा कानावर पडतात. ‘कबड्डीत काही खरं नाही, फार गर्दी. अमक्या खेळात जिल्ह्यात चारच मुली आहेत, सरळ राज्यस्तरावर जाता येतं.’ शालेय स्पर्धांच्या यादीत डझनावारी खेळ आहेत. कोणत्या खेळात स्पर्धक कमी, कोणते सर ‘करून देतात’, नववीत सुरू केलं तर दहावीपर्यंत प्रमाणपत्र हातात पडेल का, असा सगळा अभ्यास आईवडिलांनी केलेला असतो. मुलीला तो खेळ आवडतो का, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा!

‘मग त्यात बिघडलं काय? निदान त्या निमित्ताने पोरं मैदानावर तरी येतात ना!’ एका शिक्षिका मैत्रिणीने मला हे विचारलं. तिचं म्हणणं मला निम्मं पटतं. औषध साखरेत घोळवून दिलं तरी गुण येतोच. मार्कांच्या आशेने आलेली एखादी मुलगी खेळाच्या प्रेमात पडते, हेही मी पाहिलं आहे. पण साखर चाटून औषध थुंकून टाकायचं, असं झालं तर? प्रमाणपत्र हातात पडलं त्या दिवशी बूट माळ्यावर गेले, तर त्या दोन वर्षांत मुलगी शिकली काय? कोणतीही गोष्ट उपयोग असेपर्यंतच करायची, हेच ना?

हा रोग फक्त आपलाच आहे असं मात्र समजू नका. न्यू जर्सीत राहणारी माझी मावसबहीण दर शनिवारी पहाटे मुलाला गाडीत घालून तलवारबाजीच्या स्पर्धेला नेते. कधी तीन तासांवर, कधी पाच. ‘तलवारबाजी कुठून सुचली गं त्याला?’ असं मी विचारलं, तर हसून म्हणाली, ‘त्याला कुठली सुचायला? आम्ही आधी कॉलेजांची यादी केली, मग खेळ शोधला.’ तिकडे नामवंत विद्यापीठांचे क्रीडा प्रशिक्षक आपल्या संघासाठी शाळकरी खेळाडू हेरतात. हार्वर्ड, येल यांसारखी जी आठ विद्यापीठं ‘आयव्ही लीग’ म्हणून ओळखली जातात, तिथे खेळासाठी शिष्यवृत्ती नसते. पण प्रशिक्षकाने नाव सुचवलं की प्रवेशाचं दार बरंच किलकिलं होतं. किती किलकिलं? हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीविरुद्धचा खटला २०१८ मध्ये कोर्टात उभा राहिला, तेव्हा तिथले आकडे बाहेर आले. एरवी शंभर अर्जदारांपैकी पाच-सहाजणांनाच प्रवेश मिळतो. पण प्रशिक्षकांनी निवडलेल्या खेळाडूंत हेच प्रमाण ८६ टक्क्यांच्या आसपास होतं! मग आईबाप तलवारबाजी, स्क्वॉश, नौकानयन असे फारसे कोणी न खेळणारे खेळ शोधत फिरतात, यात नवल ते काय?

पण जिथे दार किलकिलं असतं, तिथे चोरवाट काढणाराही भेटतोच. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेत एक मोठं प्रकरण उघडकीला आलं. रिक सिंगर नावाचा एक प्रवेश सल्लागार श्रीमंत पालकांकडून लाखो डॉलर घेऊन त्यांच्या मुलांना कागदोपत्री खेळाडू बनवत होता. खऱ्या खेळाडूच्या धडावर गिऱ्हाइकाच्या मुलाचा चेहरा संगणकावर चिकटवायचा, खोटी कामगिरी लिहायची आणि प्रशिक्षकाला लाच द्यायची! येलच्या मुलींच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षकही त्यात सापडला. लोरी लॉफलिन ही तिथली प्रसिद्ध अभिनेत्री. तिने आणि तिच्या नवऱ्याने दोन मुलींना दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात घुसवण्यासाठी पाच लाख डॉलर मोजले. कशाच्या नावावर? तर मुली नौकानयनपटू आहेत म्हणून! व्यायामाच्या यंत्रावर बसून वल्हं मारतानाचे मुलींचे फोटो काढले होते. प्रत्यक्षात त्या त्या खेळात कधी उतरल्याच नव्हत्या. २०२० मध्ये आईला दोन महिन्यांची आणि बापाला पाच महिन्यांची शिक्षा झाली. सिंगरला जानेवारी २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची.

हे वाचलं तेव्हा मला आपल्या चांदवड तालुक्यातला तळेगाव रोहीचा दत्तू भोकनळ आठवला. दुष्काळाच्या पट्ट्यातलं गाव, घरची परिस्थिती बेताची. पाणी म्हणजे हंड्यातलं आणि विहिरीच्या तळातलं. हा मुलगा २०१२ मध्ये सैन्यात भरती झाला आणि तिथे त्याने पहिल्यांदा वल्हं हातात धरलं. चार वर्षांत, २०१६ मध्ये, तो रिओ ऑलिम्पिकमध्ये एकेरी नौकानयनात उतरला आणि तेरावा आला. त्या वेळी आई अपघातानंतर अंथरुणाला खिळलेली होती. २०१८ मध्ये जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत त्याने सुवर्णपदक मिळवलं. एकीकडे पाचशे हजार डॉलर देऊन यंत्रावर काढलेला फोटो, दुसरीकडे टँकरची वाट पाहणाऱ्या गावातून आलेलं सोनं. नाव एकाच खेळाचं! प्रमाणपत्राच्या कागदावर मात्र दोन्ही सारखीच दिसली असती.

आणि हाच खरा मुद्दा आहे. खोटा कागद खऱ्या कागदासारखाच दिसतो. म्हणून तो एकाची जागा खातो.

‘आपल्याकडे एवढं काही होत नाही’ असं म्हणायची सोय राहिलेली नाही. महाराष्ट्र सरकारने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने शासकीय नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण ठेवलं. फार चांगला निर्णय. पण पाठोपाठ खोट्या क्रीडा प्रमाणपत्रांचा धंदाही फोफावला. ट्रॅम्पोलिनसारख्या खेळांची बनावट प्रमाणपत्रं सापडली. ज्यांना उडी मारता येते की नाही हेही कोणी पाहिलं नव्हतं, ते सरकारी खुर्चीत जाऊन बसले. शेवटी २०२२ मध्ये क्रीडा खात्यावर, बनावट प्रमाणपत्रं आपणहून परत करा, असं आवाहन करायची पाळी आली! या सगळ्याची सुरुवात मात्र मोठी नसते. ‘एवढं एक प्रमाणपत्र सरांकडून करून घेऊ, कोणाचं काय जातंय?’ अशी दहावीच्या घरातच ती होते.

कोणाचं काय जातं, ते सांगते.

त्र्यंबकेश्वर तालुक्यात हरसूलच्या बाजूला सावरपाडा नावाचा पाडा आहे. तिथली कविता राऊत अनवाणी पळत मोठी झाली. नाशिकला भोसलाच्या मैदानावर विजेंदर सिंग सरांनी तिला घडवलं. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला तिने कांस्यपदक मिळवलं. १९५८ मध्ये मिल्खा सिंगांनी मिळवलेल्या सुवर्णानंतर भारताला धावण्याच्या शर्यतीत मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक राष्ट्रकुल पदक होतं. त्याच वर्षी चीनमधल्या ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत दहा हजार मीटरला रौप्य आणि पाच हजारला कांस्य. २०१२ मध्ये अर्जुन पुरस्कार. ‘सावरपाडा एक्सप्रेस’ म्हणून आपण तिचं कौतुक केलं, मिरवणुका काढल्या. पण एका कविताच्या मागे पेठ, सुरगाणा, हरसूलच्या पाड्यांवरून पळणाऱ्या कितीतरी मुली आहेत. त्या सगळ्या ऑलिम्पिकला जाणार नाहीत, हे त्यांनाही माहीत आहे. त्यांचं स्वप्न साधं असतं. राज्यस्तरावर नंबर यावा, खेळाडूंच्या कोट्यातून अकरावीला शहरात प्रवेश मिळावा, पुढे पोलीस भरतीत लागावं. पोलीस भरतीला मुलींना आठशे मीटर पळावं लागतं, शंभर मीटर पळावं लागतं, गोळा फेकावा लागतो. पहाटे डांबरी रस्त्याच्या कडेने पळणारी पोरगी दिसली, तर समजा की तिच्या प्रत्येक पावलामागे अख्ख्या घराची आशा पळते आहे. आपल्या फ्लॅटमधल्या मुलीला ते पाच टक्के मिळाले तर कॉलेज थोडं बदलतं. तिला मिळाले तर आयुष्य बदलतं. विकत घेतलेलं प्रत्येक प्रमाणपत्र अशाच एखादीच्या पायाखालची जमीन काढून घेतं.

म्हणून काही जणी म्हणतात तसं ‘हे गुण आणि हा कोटा बंदच करून टाका’ असं मी म्हणणार नाही. उंदीर झाले म्हणून कोणी घर जाळत नाही. सवलत हवीच, पण ती कागदापेक्षा मैदानावर तपासून द्यावी. दिल्ली विद्यापीठात क्रीडा कोट्यातून प्रवेश घ्यायचा तर प्रमाणपत्राबरोबर मैदानावर चाचणी द्यावी लागते. आयआयटी मद्रासने २०२४ पासून खेळाडूंसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन जादा जागा ठेवल्या आहेत आणि त्यातली एक मुलींसाठी आहे. त्यासाठी जेईई अॅडव्हान्स्ड उत्तीर्ण व्हावंच लागतं आणि गेल्या चार वर्षांत राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्तरावरचं पदकही लागतं. अभ्यासाचा पाया पक्का आणि खेळही खरा, अशी ही रचना मला आवडली. जागा जादाच्या असल्यामुळे दुसऱ्या कोणाचं ताट ओढलं गेलं, असंही होत नाही. आपल्या राज्यात सवलतीचे गुण देताना निदान शाळेने एवढं तरी करावं. कोणत्या विद्यार्थ्याला कोणत्या स्पर्धेसाठी गुण मिळाले, त्या स्पर्धेत किती संघ होते, याची यादी फळ्यावर लावावी. बरोबरची मुलं खोटं लगेच ओळखतात. ‘ही कधी मैदानावर दिसली नाही’ हे त्यांच्याइतकं कोणाला कळणार?

आता आपल्या मुलींविषयी. अमेरिकेच्या प्रवेशांवर मी टीका केली, पण त्यांची एक गोष्ट घेण्यासारखी आहे. १९७२ मध्ये तिकडे ‘टायटल नाइन’ नावाचा कायदा आला. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत स्त्री-पुरुष असा भेदभाव करायचा नाही, हे त्याने बंधनकारक केलं. खेळही त्यात आला आणि शाळा-कॉलेजांत खेळणाऱ्या मुलींची संख्या कितीतरी पटीने वाढली. मुली खेळत नव्हत्या त्या आवड नव्हती म्हणून नाही, जागा नव्हती म्हणून, हे सिद्ध झालं.

आपल्याकडे ती जागा नेमकी दहावीच्या आसपास आखडते. सहावी-सातवीत मैदान गजबजवणाऱ्या मुली नववीनंतर एकेक करून दिसेनाशा होतात. कारणं विचारली तर सुखवस्तू घरात ‘क्लास’ हे उत्तर मिळतं. वस्तीतल्या आया म्हणतात, ‘ताई, पळून काय होणार? पोरगी उन्हानं काळी पडते, उद्या पाहुणे बघायला येतील.’ पाळी सुरू झालेली असते, पण मैदानावर कपडे बदलायला आडोसा नसतो. स्वच्छतागृह असलंच तर त्याला कुलूप असतं आणि किल्ली ज्याच्याकडे असते तो चहाला गेलेला असतो. हिवाळ्यात संध्याकाळी सहालाच अंधार पडतो आणि दिवे नसतात. यातलं एकही कारण मुलीच्या पायात नाही. सगळी कारणं आपल्या व्यवस्थेत आणि आपल्या मनात आहेत. मुलाच्या बाबतीत ‘खेळू दे, अंग धरेल’ म्हणणारी आई मुलीला मात्र ‘आता मोठी झालीस’ म्हणून घरात घेते. पंधराव्या-सोळाव्या वर्षी शरीराला आणि मनाला खेळाची सर्वांत जास्त गरज असते. नेमकं तेव्हाच आपण ते काढून घेतो. पुढे पस्तिशीत डॉक्टर ‘वजन कमी करा, चालायला जा’ म्हणतात, तेव्हा आपण कॉलेज रोडच्या दुकानातून नवे बूट आणतो!

मैदानावर मी पाहते ना, हरणं म्हणजे काय हे मुली तिथेच शिकतात. शेवटच्या मिनिटाला गुण गेला तर रडून, नाक पुसून, पुन्हा रेषेवर उभं राहायचं असतं. परक्या गावच्या मुलीशी भांडायचं आणि सामना संपल्यावर तिच्याच डब्यातली चटणी खायची असते. पंचांचा निर्णय पटला नाही तरी आवाज न चढवता बोलायचं असतं. हे शिक्षण कुठल्या क्लासमध्ये किती फी भरून मिळेल, सांगा बरं! आणि ते दोन वर्षांत, प्रमाणपत्रापुरतं, मिळत नाही. त्याला वेळ द्यावा लागतो.

तेव्हा मैत्रिणींनो, या जूनमध्ये शाळा-कॉलेजांचे प्रवेश घेताना एवढं करून बघूया. मुलीला खेळ निवडू द्या, कोणत्या खेळात गर्दी कमी याची चौकशी नंतर करा. नाही केलीत तरी चालेल. कोणी ‘करून देतो’ म्हणालं तर तिथूनच मागे फिरा आणि शाळेच्या कानावर घाला. अकरावीचं वेळापत्रक बनवताना क्लासच्या आधी किंवा नंतर खेळाचा एक तास लिहा आणि तो पहिल्या चाचणीचे गुण पाहून खोडू नका. वस्तीतल्या एखाद्या मुलीच्या बुटांचा किंवा बसच्या पासचा खर्च उचलता आला तर जरूर उचला. आपल्या भागातल्या मैदानावर मुलींसाठी स्वच्छतागृह आहे का, ते उघडं असतं का, एवढं एकदा स्वतः जाऊन पाहा. नसेल तर दहाजणींनी मिळून नगरसेवकाकडे जाऊया. तो आपलं ऐकतो, कारण मतं आपली असतात!

गुण मिळाले तर पेढे जरूर वाटा. फक्त पेढे वाटून झाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी तिला मैदानावर जायला उठवा.